आत्याचं वळण

"आत्याचं वळण आलं की सांगा हं," मागच्या सीटवरची म्हातारी कंडक्टरला म्हणाली, आणि कंडक्टरनेही त्यात काही वावगं नसल्यासारखं "सांगतो, बसा निवांत" म्हणत तिला तिकीट फाडून दिलं. ऑफिसातून घरी निघालेला तो तिच्या पुढच्याच सीटवर खिडकीशी बसला होता. ऑफिसं सुटल्यावरची बस. उभ्या माणसांच्या पिशव्या त्याच्या खांद्याला घासत होत्या, समोरचा गृहस्थ फोनवर कोणाला तरी "मी निघालो कधीचाच, पोचतोच आहे" असं बेधडक सांगत होता, आणि तो गृहस्थ त्याच्यासमक्षच आत्ताच्या स्टॉपला चढलेला असल्यामुळे त्याला मनातल्या मनात हसू येत होतं. तेवढ्यात हे वाक्य कानावर पडलं. पडलं, पण ते आपल्या संबंधातलं आहे हे कळायला जरा वेळ गेला. आत्याचं वळण नावाचा स्टॉप त्या शहरात नव्हता. ते नाव फक्त त्याच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमधल्या एका कच्च्या नकाशावर होतं, आणि नकाशावर ज्या जागी ते होतं तिथे अजून रस्ता नव्हता, घरं नव्हती, बस जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. गुडघाभर गवत आणि त्यातून वाकडातिकडा जाणारा एक ओढा, एवढंच तिथे होतं. नाव त्यानेच दिलं होतं. कोणाला विचारून नव्हे, सांगून नव्हे.

मागे वळून बघणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. बसमध्ये माणसं ऊठसूट मागे वळून बघतात, उगीच बघतात, कोणी त्यांना जाब विचारत नाही. पण त्याची मान ताठ झाली ती झालीच. त्याने नजर खिडकीच्या काचेकडे नेली. बाहेर अंधारायला लागलं होतं आणि काचेत आतलं थोडं थोडं दिसत होतं: पांढरे केस, मांडीवर धरलेली कापडी पिशवी, आणि दोन हात. चेहरा काचेच्या चौकटीवर येऊन अडकला होता. हात मात्र स्वच्छ दिसत होते. ती तिकिटाची सुरळी करत होती. बारीक, अगदी बारीक सुरळी, मग ती तिने करंगळीशेजारच्या बोटाभोवती गुंडाळली, टोक आत खोचलं आणि हात जरा लांब धरून अंगठीकडे पाहावं तसं पाहिलं. त्याने काचेवरून नजर काढली. पुढच्या दाराने उतरायचं म्हणून तो आपला स्टॉप यायच्या कितीतरी आधी उठून गर्दीत घुसला. त्याच्या स्टॉपपुढे औषधाच्या दुकानापाशी रस्ता डावीकडे वळतो. बस रोज तिथे वळते आणि लगेच दिसेनाशी होते. त्या दिवशीही वळली. ती दिसेनाशी झाल्यावर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

त्याचं काम म्हणजे उरलेली जागा. शहराबाहेरच्या सखल माळावर मोठी वसाहत व्हायची होती. इमारती कुठे, किती मजली, कोणत्या तोंडाच्या हे सगळं ऑफिसातली मानाची मंडळी ठरवत, आणि इमारतींमधून जे काही उरेल त्यात झाडं कुठे लावायची, पावसाचं पाणी कुठून काढायचं आणि माणसांनी आत-बाहेर कसं करायचं हे त्याच्याकडे. ऑफिसात या खात्याला 'बाग-गटार-बस' म्हणत. तो हसून घ्यायचा. खरं तर त्याला उरलेली जागाच आवडायची. इमारत काय, कुठेही उभी राहते, कोणाचं ऐकत नाही. पाण्याला मात्र उतार विचारावा लागतो, झाडाला माती विचारावी लागते, आणि माणूस कुठून चालत जाईल हे तर कोणाला विचारूनही कळत नाही. तो नकाशावर तासन् तास बसायचा. उंचसखलपणाच्या रेषा बघता बघता त्याला माळ पायाखाली जाणवू लागायचा, इथे जरा चढ, इथे पाय घसरेल, इथे चिखल. आणि ऑफिसात एक जुनी गमतीची पद्धत होती. नकाशा कच्चा असेपर्यंत रस्त्यांना आकडे द्यायचे नाहीत, ज्याने रेघ मारली त्याने तिला मनाला येईल ते नाव द्यायचं. याला ते पाळण्यातलं नाव म्हणत. नकाशा पक्का झाला की पाळण्यातली नावं पुसायची आणि आकडे घालायचे. त्यामुळे त्या शहरातल्या कित्येक भारदस्त चौकांची मूळ नावं 'टकल्याचं टेंगूळ', 'उधारीचा चौक', 'सासू आली पळा' अशी होती आणि ती आठ-दहा माणसांपलीकडे कोणालाच माहीत नव्हती.

त्याने ओढा ठेवला होता. हा त्याचा हट्ट. ओढ्याच्या दोन्ही अंगांना हिरवा पट्टा, म्हणजे पाऊस जास्त झाला तर पाण्याला पसरायला जागा. पट्ट्याच्या कडेकडेने वसाहतीत शिरणारा बसचा रस्ता. आणि ओढा जिथे कोपर काढतो तिथे रस्त्यानेही कोपर काढायचं, आणि तिथेच, झाडांच्या सावलीत, बसचा स्टॉप. रेघ मारून झाली तेव्हा त्याने विचार न करता टाइप केलं, आत्याचं वळण. टाइप केल्यावर मात्र बोटं कळांवर तशीच राहिली होती. एखाद्या खोलीत काहीतरी घ्यायला जावं आणि काय घ्यायला आलो तेच विसरावं, तसं झालं होतं.

"तुझा सगळा ओढा त्या ओढ्याकडे," बायको जेवताना म्हणाली. ती दातांची डॉक्टर होती, दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघायची, आणि घरी आल्यावर हे एक तोंड उघडत नाही म्हणून तिची चिडचिड व्हायची. त्याने आज तिला बसमधलं सांगितलं. एवढं सगळं एका दमात सांगितलं म्हणून ती आधी त्याच्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "अरे, मग विचारायचं ना त्यांना, तुम्ही कोण. दोन शब्दांचं काम."

"आणि ती नसली तर?"

"तर नसली."

"आणि असली तर?"

बायकोने चमचा खाली ठेवला. "तुझी आत्या गेली असं तूच सांगितलंस मला. लग्नाच्या वेळी. मी विचारलं, घरात कोण कोण, तर म्हणालास, आत्या होती, ती गेली."

"हो. गेली."

"मग?"

आपल्या भाषेत 'गेली' या शब्दाने फार घोळ घालून ठेवला आहे. माणूस दुकानात जातो तेव्हाही जातो, गाव सोडून जातो तेव्हाही जातो, आणि मरतो तेव्हाही जातोच. मोठ्यांना मागच्यापुढच्यावरून कळतं. लहान मुलाला मागचं-पुढचं कोण सांगणार? त्याला फक्त मधला शब्द मिळाला होता. "आत्या गेली," बाबा म्हणाले होते, दाराशी, बूट काढता काढता, त्याच्याकडे न बघता. त्याने एकदा, एकदाच, विचारलं होतं, गेली म्हणजे? आणि बाबा म्हणाले होते, "गेली म्हणजे गेली." तो आवाज असा होता की पुढचा प्रश्न जन्मालाच आला नाही. घरात कोणी रडलं नव्हतं, म्हणून मेली नसावी. कोणी भांडलं नव्हतं, म्हणून घर सोडून गेली नसावी. एक दिवस तिचं कपाट उघडं होतं आणि आत फळ्यांवर अंथरलेले कागद, नुसते कागद. शेजारच्या बायका त्याला बघून बोलणं थांबवायच्या आणि डोक्यावरून हात फिरवायच्या. मेलेल्या माणसाच्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतात, आणि टाकून दिलेल्या मुलांच्याही. हातावरून काही कळत नाही. मग ते शहर सुटलं, बाबांची बदली, पुन्हा बदली, आणि शेवटी बाबाही गेले. ते मात्र कसे गेले हे त्याला माहीत होतं, कारण तो शेजारी बसला होता, आणि तेव्हाही त्याने विचारलं नव्हतं.

आई तर त्याला आठवतच नव्हती. त्याला वाढवलं आत्यानेच. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती, सकाळच्या पाळीला. दिवसभर कानाला यंत्र लावून "थांबा हं, जोडते," "थांबा हं, जोडते" करायची आणि घरी येऊन म्हणायची, "सगळ्या दुनियेला एकमेकांशी बोलायला लावते मी, आणि माझ्याच नशिबी हा घुम्या!" घुम्या हे त्याचं नाव. तिच्यापुरतं. तो बोलायचाच नाही. भूक लागली तरी स्वयंपाकघराच्या दारात नुसता उभा राहायचा. तिला ते चालायचं. ती त्याच्या वाटचंही बोलायची, त्याच्या आवाजात प्रश्न विचारायची आणि आपल्या आवाजात उत्तर द्यायची, आणि तो पोट धरधरून हसायचा, तेही आवाज न करता. त्यांचं घर शहराच्या टोकाला होतं. तिथेही एक ओढा होता, आणि ओढ्याला वळसा घालून येणारा रस्ता, आणि शाळेची बस त्याला त्या वळणावर सोडायची. आत्या तिथे उभी असायची. बस वळली की आधी तिची पिशवी दिसायची, मग ती. येताना ती शहराच्या बसने येई आणि तिकिटाची सुरळी करून बोटात घातलेली असे. ती अंगठी काढून त्याच्या बोटात घालायची आणि मग घरी निघायचं. रोजची एक अंगठी. "मला उशीर झाला तर इथून हलायचं नाही," ती बजावायची. "काही झालं तरी वळणावर थांबायचं. मी आलेच समज."

आणि मग तिथे तो रस्ता सरळ झाला. किती दिवस काम चाललं होतं ते आठवत नाही. लहानपणी मोठमोठी कामं हवामानासारखी चालू असतात, आपला त्यांच्याशी संबंध नसतो. ओढा पाइपात घातला, वर माती, खडी, डांबर. एका दुपारी शाळेची बस वळलीच नाही. नव्याकोऱ्या काळ्या रस्त्यावरून ती सरळ निघाली, आणि त्याने खिडकीतून पाहिलं, आत्या जुन्या वळणावर उभी होती. पाठमोरी. जिकडून बस रोज यायची त्या रस्त्याकडे तोंड करून, पिशवी हातात घेऊन, जरा टाचा उंचावून. बस तिच्या पाठीमागून गेली. खिडकीची काच बंद होती, आणि उघडी असती तरी तो घुम्याच होता. तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण मागचा रस्ता सुरू झालाय हेच तिला माहीत नव्हतं. पुढे नव्या स्टॉपला तो उतरला, चालत घरी आला, पायरीवर बसला. संध्याकाळी बाबा आले. आत्या आली नाही. त्यानंतर जे काय झालं ते मोठ्यांच्या खोलीत झालं, आणि दार बंद होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने आल्या आल्या नकाशा उघडून पाहिला. नाव होतं, जसंच्या तसं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सगळे पेन्सिल म्हणत, कारण ती सडसडीत होती आणि सतत काहीतरी खोडत असायची. त्याने तिला उगीच इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलं, की आपली पाळण्यातली नावं बाहेर कोणाला कळतात का.

"मी कोणाला सांगणार, सर?" पेन्सिल म्हणाली. "मी काय काम करते हेच आमच्या घरी अजून कळलेलं नाही. आईला वाटतं मी चित्रं काढते."

"बस खात्याच्या लोकांना?"

"त्यांना आकडे जातात. का हो? कोणी तक्रार केली का? 'सासू आली पळा'वाल्यांनी?" आणि ती हसत सुटली. त्यालाही हसणं भाग पडलं.

दुपारी थोरल्या साहेबांनी बोलावलं. ऑफिस त्यांचं, आवाज मवाळ, आणि मवाळ आवाजात ते जे बोलत ते सहसा बरोबर असे, हीच अडचण होती. त्यांच्या भिंतीवर वसाहतीचा नकाशा लावलेला होता आणि वळणावर लाल पेन्सिलीचा गोल होता. "हे बघ," ते म्हणाले, "तुझा ओढा सुंदर आहे. मला आवडतो. पण बस खातं म्हणतंय, लांब बस इथे वळणार नाही. वळवायची तर मागेपुढे करावी लागेल, आणि ते काही मागेपुढे करायचे नाहीत, ते सरळ येणारच नाहीत. आगीचा बंबही अडेल. बस आत आली नाही तर लोक गाड्या घेतील, आणि गाड्या घेतल्या की त्या तुझ्या हिरवळीवरच उभ्या करतील. मग राहिलं काय?"

"ओढ्याचं पाणी, साहेब?"

"पाइप. सगळीकडे घालतात. तू स्वतः घातलेस की. रस्ता सरळ कर, ओढा रस्त्याखालून ने, बागेची जागा इमारतींच्या मागे वाटून टाक. आकडे घालून आठवड्याच्या आत दे मला." मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "का रे? काही आहे का त्या वळणात?"

त्याने बोलायला तोंड उघडलं, जीभही हलली, आणि बाहेर आलं ते "नाही, साहेब."

त्या संध्याकाळी तो मुद्दाम मागच्या बाजूला बसला. ती पुढे होती. डोकं बसच्या हिसक्यांबरोबर हलत होतं, केसांचा लहानसा अंबाडा, मानेवर एक सुटलेली बट. आत्याची मान कशी होती हे त्याला आठवेना. लहान मुलाला माणसांच्या माना दिसत नाहीत, हनुवट्या दिसतात. "आत्याचं वळण आलं की सांगा हं." तो हं. शेवटी उचललेला, जरासा नाकातला. एकदा त्याला वाटलं हा तोच, आणि एकदा वाटलं या वयाच्या सगळ्याच बायका असंच बोलतात. उतरताना त्याने कंडक्टरला हळूच विचारलं, "त्या बाई कुठे उतरतात?"

"आजी? शेवटपर्यंत येतात, तिथे उतरतात, समोरच्या बसने परत. मी म्हणतो, आजी, वळण गेलं का आलं? म्हणतात, अजून नाही आलं."

"पण असा स्टॉप आहे तरी का?"

"नसेल," कंडक्टर खांदे उडवत म्हणाला. "पण शहर वाढतंय ना, साहेब. रोज एक नवीन नाव ऐकतो. आज नाही, उद्या होईल. कोणी मागितलं की द्यायचं तिकीट. उतरताय ना? की तुम्हालाही तिथेच जायचंय?"

सुट्टीच्या दिवशी तो माळावर गेला. दुपारचं ऊन, वारा नाही. कुंपणाच्या फाटकाशी रखवालदार खुर्चीत बसून पेंगत होता. तो म्हणाला, इकडे चिटपाखरू फिरकत नाही. ओढ्याला बोटभर पाणी होतं, पण होतं, आणि त्याचा आवाज येत होता. त्याने नकाशा न बघता चालायला सुरुवात केली, पायांना उतार आपोआप कळत होता, आणि जिथे ओढा कोपर काढतो तिथे तो थांबला. मोजणीची खुंटी रोवलेली होती. खुंटीशेजारी गवत नव्हतं. सगळ्या माळावर गवत गुडघ्याला लागत होतं आणि इथे दोन पावलं मावतील एवढी जमीन उघडी होती, गुळगुळीत, टणक, थोडी खोलगट. प्रत्येक बसस्टॉपवर खांबाजवळ अशी जागा असते. वर्षानुवर्षं कोणीतरी उभं राहिलं की होते. मोजणीवाले उभे राहिले असतील, त्याने स्वतःला समजावलं, आणि मोजणीवाले एकदाच येऊन गेले हेही त्याला माहीत होतं. त्याने आपली पावलं त्या जागेत ठेवली. नीट बसली नाहीत, बुटांची टोकं बाहेर राहिली. ती जागा लहान पावलांची होती. त्याला आतापर्यंत वाटत होतं की आत्या कुठेतरी उभी आहे आणि आपण पुढे निघून आलो. हे त्याच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं की आपलंही काहीतरी मागे उभं राहिलं असेल, सांगितल्याप्रमाणे, न हलता. तो तिथून निघाला तो जवळजवळ पळतच.

नंतरचे दिवस त्याने ढकलले. विचारायचं ठरवायचा, बसमध्ये चढायचा, ती असायची, तिकीट घ्यायची, अंगठी करायची; आणि त्याच्या गळ्यापर्यंत आलेला शब्द तिथेच बसून राहायचा. ती आत्या नसेल ही भीती नव्हती. असेल, आणि विचारेल की इतकी वर्षं कुठे होतास, ही भीती होती. त्याहून मोठी भीती अशी की ती आपल्याकडे बघेल, हा केस पिकलेला, चष्मेवाला गृहस्थ बघेल, आणि नम्रपणे म्हणेल, मी तुम्हाला ओळखलं नाही. तिला न्यायचं होतं ते एका लहान मुलाला. बायको रोज रात्री नुसतं भुवया उंचावून विचारायची आणि तो मान हलवायचा. "घुमा आहेस नुसता," ती एकदा वैतागून म्हणाली. तिला हे नाव त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

मुदतीच्या दिवशी त्याने काम केलं. फार वेळ लागला नाही. वाकड्या गोष्टी काढायला वेळ लागतो, सरळ करायला एक कळ पुरते. रेघेची दोन टोकं धरली, मधलं कोपर सोडून दिलं, आणि रस्ता ताणलेल्या दोरीसारखा सरळ झाला. ओढ्याच्या निळ्या रेषेची तुटक रेषा झाली, म्हणजे जमिनीखालची. हिरवा पट्टा सात-आठ तुकडे होऊन इमारतींच्या पाठीशी जाऊन बसला, जिथे ऊन येणार नव्हतं आणि कचऱ्याचे डबे येणार होते. बंब जात होता, बस जात होती, पाण्याचा हिशेबही कसाबसा जुळत होता. कोणालाही दाखवावा असा नकाशा झाला होता. शेवटी राहिलं नाव. ते आता कशालाच चिकटलेलं नव्हतं, कोऱ्या जागेत नुसतंच तरंगत होतं. त्याने ते पुसलं आणि आकडा घातला. थोरल्या साहेबांना पाठवून दिलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, "छान. सुटलो." पेन्सिल घरी जाता जाता डोकावून म्हणाली, "सर, तुमचं वळण गेलं?" त्याने मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यालाही सुटल्यासारखं वाटत होतं. जागाच राहिली नाही, तर कोण कुठे थांबणार?

बसमध्ये ती होती. त्याच्या अगदी समोर, आडव्या सीटवर, आणि आज पहिल्यांदा त्याला तिचा चेहरा दिसत होता. साधा, सुरकुतलेला, कोणाचाही असू शकेल असा चेहरा. हनुवटी मात्र त्याला माहीत होती. ती त्याने खालून पाहिली होती, रोज, वर मान करून. कंडक्टर आला.

"आत्याचं वळण आलं की सांगा हं."

"तो स्टॉप बंद झाला, आजी," कंडक्टर म्हणाला. तिकिटांच्या गठ्ठ्याकडे त्याचा हातही गेला नाही.

"बंद? कधी?"

"आजच. रस्ता सरळ केला ना."

त्याने दांडा घट्ट धरला. नकाशा दुपारी गेला होता. एका माणसाच्या कॉम्प्युटरमधून दुसऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये.

"अहो, पण असा कसा बंद करतील?" म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मुलगा तिथे थांबलाय. मीच सांगितलंय त्याला, हलायचं नाही म्हणून."

"कोणाला विचारेल तो, आजी. लोक सांगतील त्याला."

"नाही हो विचारणार," ती म्हणाली. "तेच तर. आमचा घुम्या बोलत नाही. नुसता उभा राहील." आणि मग ती सगळ्यांकडे बघू लागली, एकेका उतारूकडे, मदत मागावी तसं, आणि तिची नजर फिरत फिरत त्याच्यावर आली आणि थांबली. तिचे हात मांडीवर होते. तिकीट नव्हतं, तरी बोटं सुरळी करत होती, नसलेल्या कागदाची, आणि ती बोटाभोवती गुंडाळत होती.

एक शब्द होता. दोन अक्षरांचा. त्याच्या तोंडात तो तयार होता, जिभेला त्याची चव लागत होती. ती वाट बघत होती, अगदी शांतपणे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलाकडे बघायची तशी. पूर्वी अशा वेळी ती त्याच्या वाटचंही बोलून टाकायची. आज ती बोलली नाही. बस थांबली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, तुमचा स्टॉप," आणि मागून लोकांनी रेटा दिला, आणि त्याचे पाय सवयीने पायऱ्या उतरले.

फुटपाथवर पाय लागला आणि घसा मोकळा झाला. "आत्या!" तो ओरडला. कितीतरी वर्षांत एवढ्याने ओरडला नव्हता, रस्त्यावरची दोन-चार माणसं वळून बघायला लागली. बस सुटली होती. मागच्या काचेतून तिची पाठ दिसत होती, पांढरा अंबाडा, सुटलेली बट. औषधाच्या दुकानापाशी आता ती वळेल आणि दिसेनाशी होईल, त्याने मनाशी म्हटलं, आणि ते व्हावं म्हणून तो वाट बघू लागला. बस औषधाच्या दुकानापाशी आली. वळली नाही. दुकान मागे पडलं आणि बस सरळ निघाली, दिव्यांच्या दोन सरळ ओळींमधून, जिथे काल घरं होती तिथून, सरळ. ती लहान होत गेली, पण दिसत राहिली. मागची काच दिसत राहिली, काचेतली पाठ दिसत राहिली. नजर काढून घ्यायला कुठे आडोसाच नव्हता. तो तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे. पायाखालची फरशी गुळगुळीत आणि जराशी खोलगट आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

घरी बायकोने दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला, हातातली पिशवी काढून घेतली. "विचारलंस?"

तो दाराशी वाकून बूट काढत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"गेली," तो म्हणाला.

"गेली म्हणजे?"

आता सांगावं, सगळं सांगावं, असं त्याला फार वाटलं. त्याने तोंड उघडलं. आवाज आला तो ओळखीचा होता, पण त्याचा नव्हता.

"गेली म्हणजे गेली," बाबा म्हणाले.